मराठी मजकूर आणि डेटाबेस: स्ट्रिंग फंक्शन्स काय मोजतात, कुठे कापतात आणि कशाला समान मानतात

डेटाबेसमधील प्रत्येक स्ट्रिंग फंक्शन, म्हणजे मजकूर हाताळणारे फंक्शन, त्याला सांगितलेल्या कॅरेक्टर सेटवर, म्हणजे कोणते बाइट कोणते अक्षर दाखवतात ते ठरवणाऱ्या तक्त्यावर, विश्वास ठेवून काम करते. कॉलमवर जो कॅरेक्टर सेट घोषित केला आहे, त्यानुसारच ते बाइटचे गट पाडते, लांबी मोजते, तुकडे करते आणि तुलना करते. घोषणा एक आणि प्रत्यक्षात साठवलेले बाइट दुसरे अशी स्थिती असेल, तर फंक्शन कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. इंग्रजी मजकुरात ही विसंगती वर्षानुवर्षे लपून राहू शकते, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण बहुतेक कॅरेक्टर सेटमध्ये टिकते. मराठीत ते पहिल्याच शब्दाला मोडते, म्हणून मराठी मजकूर हाताळणाऱ्याने हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

या लेखातील आज्ञा, फंक्शनांची नावे आणि बाइटच्या हेक्स (सोळा आधाराच्या अंकांतील) किमती देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष वापरताना त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप कराव्यात. उदाहरणे मुख्यतः मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांची आहेत. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर जिथे वेगळे वागतात, तिथे तसे नमूद केले आहे.

एका शब्दाच्या तीन लांब्या

‘मराठी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात म, रा, ठी अशी ३ अक्षरे दिसतात. युनिकोड या लिपिचिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या दृष्टीने मात्र त्यात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे ५ कोड पॉइंट, म्हणजे क्रमांक मिळालेली स्वतंत्र चिन्हे, आहेत, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त आणि अनुस्वार यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो, म्हणून साठवणुकीत हाच शब्द १५ बाइटचा होतो. ३, ५ आणि १५ हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते फंक्शन यांपैकी कोणता आकडा देते, हे ठाऊक असले पाहिजे.

मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ हे फंक्शन बाइट मोजते, म्हणजे १५ सांगते, आणि कॅरेक्टर_लेंग्थ कोड पॉइंट मोजते, म्हणजे ५ सांगते. पोस्टग्रेसमध्ये मात्र साधे लेंग्थच ५ सांगते आणि बाइट हवे असतील तर ऑक्टेट_लेंग्थ वापरावे लागते. ओरॅकलमध्ये लेंग्थ कोड पॉइंटसाठी व लेंग्थबी बाइटसाठी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लेन आणि डेटालेंग्थ अशी जोडी आहे, त्यातही लेन शब्दाच्या शेवटच्या रिकाम्या जागा मोजत नाही आणि एनव्हारचार प्रकारात साठवलेल्या ‘मराठी’साठी डेटालेंग्थ १० सांगते, कारण तिथे यूटीएफ-१६ वापरले जाते. एकाच नावाचे फंक्शन दोन डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मोजते, ही बाब मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर जाताना हमखास निसटते. म्हणून दोन्हीकडे चालणारे कॅरेक्टर_लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ वापरण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे क्वेरी वाचणाऱ्यालाही तुम्हाला काय मोजायचे होते ते स्पष्ट कळते.

तिसरा आकडा, म्हणजे वाचकाला दिसणारी ३ अक्षरे, यांपैकी कोणतेही फंक्शन थेट देत नाही.

शंका आली की आधी बाइट पाहा

पडद्यावर मजकूर बरोबर दिसतो याचा अर्थ तो बरोबर साठवला आहे असा होत नाही. चुकीच्या पद्धतीने आत गेलेला मजकूर त्याच चुकीच्या पद्धतीने बाहेर आला, तर तो पडद्यावर अगदी निर्दोष दिसतो. म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी पुढील क्वेरी चालवावी:

सिलेक्ट नाव, हेक्स(नाव), लेंग्थ(नाव), कॅरेक्टर_लेंग्थ(नाव), कॅरसेट(नाव) फ्रॉम सभासद;

पोस्टग्रेसमध्ये हेक्सच्या जागी एन्कोड(कन्व्हर्ट_टू(नाव, 'यूटीएफ८'), 'हेक्स') असे आणि लेंग्थच्या जागी ऑक्टेट_लेंग्थ लिहावे, व कॅरसेट गाळावे.

उत्तर वाचण्याची खूण सोपी आहे. यूटीएफ-८ मधील देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ या दोन बाइटनी सुरू होतो. ‘मराठी’ योग्य रीतीने साठवला असेल तर ई०ए४एई, ई०ए४बी०, ई०ए४बीई, ई०ए४ए०, ई०ए५८० असे पाच गट दिसतात, बाइटची लांबी १५ येते आणि कोड पॉइंटची लांबी ५ येते. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर साठवण निर्दोष आहे, आणि बिघाड असेलच तर तो कनेक्शनमध्ये किंवा पुढे कुठेतरी आहे.

हेक्स वरीलप्रमाणेच असूनही दोन्ही लांब्या १५ आल्या, तर बाइट यूटीएफ-८ चे आणि कॉलमची घोषणा लॅटिन-१ ची, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या युरोपीय कॅरेक्टर सेटची, आहे असे समजावे. जुन्या मायएसक्यूएलवर उभ्या राहिलेल्या मराठी संकेतस्थळांत ही स्थिती सर्वाधिक आढळते, कारण ८.० आवृत्ती येईपर्यंत मायएसक्यूएलचा मूळचा, म्हणजे काही न सांगितल्यास लागू होणारा, कॅरेक्टर सेट लॅटिन-१ होता. संकेतस्थळ चालते, मजकूर दिसतो, पण लेफ्ट(नाव, १०) लिहिले की चौथ्या कोड पॉइंटच्या पहिल्याच बाइटपाशी काप बसतो आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्हाचा हिरा उमटतो. येथे टेबलवर ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ ही आज्ञा थेट देऊ नये. डेटाबेस प्रत्येक बाइटला लॅटिन अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करतो आणि मजकूर दुहेरी एन्कोड होतो. योग्य मार्ग दोन टप्प्यांचा आहे: आधी कॉलमचा प्रकार व्हारबायनरी किंवा ब्लॉब करावा, म्हणजे बाइट जसेच्या तसे राहतात आणि त्यांच्यावरची चुकीची पाटी तेवढी निघते; मग तोच कॉलम यूटीएफ८एमबी४ कॅरेक्टर सेटचा व्हारचार किंवा टेक्स्ट करावा.

हेक्स ‘सी३ए०सी२ए४’ किंवा ‘सी३ए०सी२ए५’ ने सुरू होत असेल, तर दुहेरी एन्कोडिंग आधीच झालेले आहे. अशा वेळी पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि चलनचिन्ह यांची माळ दिसते. ‘मराठी’ची कोड पॉइंटमधील लांबी १५ आणि बाइटमधील ३१ येते: मूळच्या १४ बाइटचे प्रत्येकी २ होतात आणि शेवटचा ‘८०’ हा बाइट युरोचे चिन्ह समजला गेल्यामुळे त्याचे ३ होतात. यावरची दुरुस्ती आतून बाहेर अशी वाचावी:

कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव युझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) युझिंग यूटीएफ८एमबी४)

ही दुरुस्ती नेहमी ‘व्हेअर’ची अट घालून, फक्त बिघडलेल्या ओळींवरच चालवावी. एकाच टेबलमध्ये जुन्या बिघडलेल्या आणि नंतर भरलेल्या चांगल्या ओळी शेजारी शेजारी असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि चांगल्या ओळीवर हेच सूत्र चालवले तर आतले पहिले रूपांतर प्रत्येक देवनागरी कोड पॉइंटचे प्रश्नचिन्ह करून टाकते. आधी सिलेक्टने निकाल पाहावा, बॅकअप घ्यावा आणि मगच अपडेट करावे.

याच संदर्भात एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणते ते प्रत्यक्षात विंडोज-१२५२ हा तक्ता आहे, पण त्या तक्त्यात रिकाम्या असलेल्या ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा ते तशाच पुढे पाठवते, म्हणून वरील उलटा प्रवास काहीही न गमावता होतो. इतर अनेक साधने त्या पाच जागांवर अडतात किंवा तो बाइट टाकून देतात. मराठीसाठी हे फार महाग पडते, कारण हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, पहिल्या उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी आहे. दुरुस्त केलेल्या मजकुरात नेमकी जोडाक्षरे आणि उकार तेवढे फुटलेले दिसले, तर मजकूर मधल्या काळात अशा एखाद्या साधनातून गेला असल्याचे ओळखावे. शक्यतो मूळ बॅकअपकडे परत जाऊन दुरुस्ती थेट डेटाबेसमध्येच करावी.

हेक्समध्ये नुसते ‘३एफ’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हे आहेत. मूळ बाइट आता तिथे नाहीत आणि कोणतेही फंक्शन ते परत आणू शकत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी स्ट्रिंगच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर लिहायचे राहिले की हाच प्रकार होतो, मग कॉलम एनव्हारचार असला तरीही, कारण स्ट्रिंग कॉलमपर्यंत पोहोचण्याआधीच डेटाबेसच्या कोड पेजमध्ये, म्हणजे त्याच्या जुन्या पद्धतीच्या कॅरेक्टर सेटमध्ये, रूपांतरित झालेली असते. पोस्टग्रेस या बाबतीत अधिक कडक आहे. लक्ष्य एन्कोडिंगमध्ये जागा नसलेले अक्षर आले की ते प्रश्नचिन्ह न टाकता चूक दाखवून थांबते, आणि मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

एक शेवटची शक्यता उरते. हेक्समध्ये ‘ई०ए४’ नाही, प्रश्नचिन्हे नाहीत, आणि मजकूर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे यांचा दिसतो. तो बहुधा युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डेटाबेसच्या दृष्टीने तो खराच लॅटिन मजकूर आहे; देवनागरी फक्त फॉन्टच्या चित्रात होती. येथे कन्व्हर्ट किंवा कास्ट यांचा काहीही उपयोग नाही. त्या विशिष्ट फॉन्टच्या तक्त्यानुसार चालणारा परिवर्तकच वापरावा लागतो, आणि तो मजकूर डेटाबेसमध्ये घेण्याआधी चालवावा.

कनेक्शनचाही कॅरेक्टर सेट असतो

कॉलम बरोबर असूनही नव्या नोंदी बिघडत असतील तर मायएसक्यूएलमध्ये शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरेक्टर_सेट%' ही आज्ञा द्यावी. त्यातील क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत: तुमच्याकडून येणारे बाइट कोणते समजायचे, आतमध्ये स्ट्रिंग कशात धरायची आणि उत्तर कशात पाठवायचे, हे त्या ठरवतात. सेट नेम्स यूटीएफ८एमबी४ ही एक आज्ञा तिन्ही जागा बदलते. मात्र ती प्रत्येक कनेक्शनला लागू करावी लागत असल्याने ड्रायव्हरच्या जोडणीतच ही निवड नोंदवणे अधिक सुरक्षित आहे. पोस्टग्रेसमध्ये क्लायंट_एन्कोडिंग आणि सर्व्हर_एन्कोडिंग तपासावे. सर्व्हर एन्कोडिंग एसक्यूएल_आस्की असेल तर सावध व्हावे, कारण त्या स्थितीत पोस्टग्रेस बाइटची कोणतीही तपासणी करत नाही आणि लेंग्थ हे फंक्शनही बाइटच मोजू लागते.

मायएसक्यूएलमधील नुसते ‘यूटीएफ८’ हे नाव फसवे आहे. ते कोड पॉइंटमागे जास्तीत जास्त ३ बाइटच घेते. देवनागरी त्यात बसते, पण २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेली मोडी लिपी बसत नाही, कारण मोडीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये ४ बाइटचा आहे. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर साठवणाऱ्याने अशा कॉलममध्ये मूळ मोडी मजकूर भरायचा प्रयत्न केला, तर कडक मोडमध्ये चूक येते, आणि सैल मोडमध्ये पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. नवीन टेबल नेहमी यूटीएफ८एमबी४ मध्येच करावे.

कापताना

लेफ्ट, राइट, सबस्ट्रिंग आणि रिव्हर्स ही फंक्शन्स घोषणा बरोबर असली की बाइटच्या मधोमध कापत नाहीत, पण ती कोड पॉइंटच्या सीमेवर कापतात, अक्षराच्या नव्हे. ‘शिक्षण’ या शब्दात ६ कोड पॉइंट आहेत. त्याचे पहिले ३ घेतले तर ‘शिक’ उरते आणि ४ घेतले तर ‘शिक्’. रिव्हर्स('मराठी') केले की सुरुवातीला आधाराविना लोंबणारी वेलांटी येते आणि पुढे ठा, र, म दिसतात. लाइकमधील अंडरस्कोरही एका कोड पॉइंटसाठीच उभा राहतो, म्हणून तीन अंडरस्कोर लिहून तीन अक्षरी मराठी शब्द सापडत नाहीत.

बातमीचा किंवा लेखाचा गोषवारा दाखवायचा असेल तर शब्दाच्या मध्ये कापूच नये. आधी १०० कोड पॉइंट घ्यावेत आणि मग शेवटच्या रिकाम्या जागेपासूनचा भाग गाळावा. मायएसक्यूएलमध्ये ते असे होते, जिथे ‘तु’ म्हणजे लेफ्ट(मजकूर, १००) असा तुकडा आहे:

लेफ्ट(तु, कॅरेक्टर_लेंग्थ(तु) - लोकेट(' ', रिव्हर्स(तु)))

येथे रिव्हर्स चालते, कारण उलटलेला मजकूर कोणालाही दाखवायचा नाही. त्यातील रिकाम्या जागेचे स्थान तेवढे हवे आहे.

सभासदांच्या यादीत आद्याक्षराचे मथळे घालताना मात्र लेफ्ट(आडनाव, १) बहुतेक ठिकाणी योग्यच ठरते, कारण ‘प्रधान’ हे नाव आपण ‘प’खालीच शोधतो. अडचण येते ती क्ष आणि ज्ञ यांची, म्हणून त्यांच्यासाठी केसची दोन कलमे लिहावीत: आडनाव 'क्ष%' शी जुळत असेल तर 'क्ष', 'ज्ञ%' शी जुळत असेल तर 'ज्ञ', अन्यथा पहिला कोड पॉइंट. एवढ्याने काम भागते. पूर्ण पहिले अक्षर, म्हणजे ‘क्षितिज’मधील ‘क्षि’, हवे असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याचा नमुना, वापरावे:

^(([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?|[अ-औॲ])[ँ-ः]?

मायएसक्यूएलमध्ये हे ८.० आवृत्तीपासूनच भरवशाने चालते, कारण त्याआधीचे रेग्युलर एक्स्प्रेशनचे यंत्र एकेक बाइट पाहत असे. ८.० मध्ये आलेल्या आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीत वाचकाला दिसणाऱ्या अक्षरासाठी बॅकस्लॅश आणि मोठा ‘एक्स’ ही तयार खूणही आहे, पण जोडाक्षराला एक अक्षर मानण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या आयसीयूमध्ये ‘क्षि’चे दोन तुकडे होतात. त्यामुळे तूर्त वरील स्वतःचा नमुना अधिक विश्वासार्ह आहे.

दर्या आणि दऱ्या: तुलना करताना

मराठी मजकुराची सर्वांत नाजूक परीक्षा तुलनेत होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक तर शाळेतच शिकवला जातो. मायएसक्यूएल ८.० च्या मूळ कोलेशनमध्ये, म्हणजे काही न सांगितल्यास तुलना आणि क्रम ज्या नियमांनी ठरतो त्यांत, पुढील क्वेरी चालवून पाहा:

सिलेक्ट 'दर्या' = 'दऱ्या' कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

उत्तर १ येते, म्हणजे दोन्ही शब्द समान ठरतात. कारण असे की युनिकोडमध्ये ‘ऱ’ची फोड ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी केलेली आहे, आणि कोलेशनच्या नावातील ‘एआय’ म्हणजे असे जोडचिन्ह तुलनेत धरू नये असा आदेश. शब्दकोशाच्या टेबलमध्ये शब्दावर युनिक इंडेक्स असेल, तर ‘दर्या’ नंतर ‘दऱ्या’ भरताच तो शब्द आधीच आहे म्हणून नाकारला जातो. ग्रुप बाय आणि डिस्टिंक्ट त्यांना एकाच ओळीत मिसळतात. अशा कॉलमसाठी शेवटी ‘एएस_सीएस’ असलेले, म्हणजे अशी चिन्हे आणि लहान-मोठी अक्षरे वेगळी धरणारे, कोलेशन निवडावे, तिथे हे दोन शब्द वेगळे राहतात. शोधाच्या चौकटीत मात्र ‘एआय’ कोलेशन उपयोगी असते, कारण घाईत ‘ऱ’ न टाइप करणाऱ्यालाही नाव सापडते. दोन्ही हवे असेल तर शोधासाठी वेगळा कॉलम ठेवावा. क्वेरीत ऐनवेळी कोलेट लिहिले तर मूळ कोलेशनवर बांधलेला इंडेक्स वापरला जात नाही.

पोस्टग्रेसचे वर्तन नेमके उलट आहे. तिथे सर्वसाधारण कोलेशनमध्ये समानता बाइट पाहून ठरते, त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ कधीच मिसळत नाहीत. पण पडद्यावर हुबेहूब दिसणारे दोन ‘दऱ्या’ही परस्परांशी जुळत नाहीत, अशी वेळ येते. हा शब्द तीन प्रकारे साठवलेला आढळतो: ‘ऱ’ हा एक कोड पॉइंट वापरून, त्या वेळी शब्द १५ बाइटचा असतो, ‘र’ आणि नुक्ता असे दोन वापरून, त्या वेळी तो १८ बाइटचा होतो, आणि जुन्या कीबोर्डच्या पद्धतीने र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (जोडाक्षराचे रूप बदलणारे अदृश्य चिन्ह) वापरून, तेव्हाही तो १८ बाइटचाच असतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या व्याख्येनुसार समतुल्य आहेत आणि पोस्टग्रेस १३ पासून उपलब्ध असलेले नॉर्मलाइझ(नाव, एनएफसी) हे फंक्शन त्यांना एकरूप करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही, कारण युनिकोड त्याला समतुल्य मानतच नाही. मायएसक्यूएलच्या ‘एएस_सीएस’ कोलेशनमध्येही शून्य रुंदीचा जोडक दुर्लक्षिला जात असल्याने तिसऱ्या प्रकारचा ‘दऱ्या’ चक्क ‘दर्या’शी जुळतो.

म्हणून तुलनेसाठीचा मजकूर आपणच एका रूपात आणावा, आणि तो क्रमाने आणावा. सर्वप्रथम र, हलन्त व जोडक या त्रयीच्या जागी ‘ऱ्’ घालावा. नंतर उरलेले शून्य रुंदीचे जोडक आणि विलगक (अक्षरे जोडू न देणारी तशीच अदृश्य चिन्हे) काढावेत. आणि शेवटी पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइझ चालवावे, तर मायएसक्यूएलमध्ये असे फंक्शन नसल्याने ‘र’ अधिक नुक्ता यांच्या जागी रिप्लेसनेच ‘ऱ’ घालावा. क्रम उलटा झाला आणि जोडक आधी काढले, तर सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि परत फिरण्याचा मार्ग राहत नाही. जोडक डोळ्यांना दिसत नसल्याने तो क्वेरीत थेट टाइप न करता बाइटने लिहावा:

रिप्लेस(नाव, कन्व्हर्ट(अनहेक्स('ई०ए४बी०ई०ए५८डीई२८०८डी') युझिंग यूटीएफ८एमबी४), 'ऱ्')

‘ॲ’चीही वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘ॲप’ हा शब्द एका कोड पॉइंटच्या ‘ॲ’ने लिहिता येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन; या दोहोंना युनिकोड समतुल्य मानत नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ निरुपयोगी ठरते आणि येथेही रिप्लेसच करावे लागते. ही सगळी सफाई मूळ कॉलमवर कधीही करू नये. लेखकाने विशिष्ट जोडाक्षर विशिष्ट रूपात दिसावे म्हणून जोडक मुद्दाम घातलेला असू शकतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. सफाई केलेले रूप जनरेटेड, म्हणजे दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणाऱ्या, कॉलममध्ये ठेवावे व शोध, जोडणी आणि युनिकची अट त्यावर लावावी.

अंक, रिकाम्या जागा आणि कॉलमची रुंदी

देवनागरी अंक डेटाबेससाठी अंक नसून अक्षरे आहेत. कास्ट('१२३' ॲज अनसाइन्ड) याचे उत्तर मायएसक्यूएल इशारा देऊन ० असे देते, तर पोस्टग्रेस पूर्णांकात रूपांतर करण्यास नकार देते. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून पुढे ट्रान्सलेट या फंक्शनला दहा देवनागरी अंक आणि त्यांच्यासमोरचे दहा इंग्रजी अंक दिले की काम होते. मायएसक्यूएलमध्ये दहा रिप्लेस एकात एक गुंफावे लागतात. ट्रिम फक्त साधी रिकामी जागा काढते. संकेतस्थळावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावाच्या टोकाला न तुटणारी जागा असेल तर ती हेक्समध्ये ‘सी२ए०’ अशी दिसते आणि वेगळी काढावी लागते.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये व्हारचार(२०) म्हणजे २० कोड पॉइंट. ओरॅकलमध्ये व्हारचार२(२०) म्हणजे सर्वसाधारणपणे २० बाइट, आणि यूटीएफ-८ च्या डेटाबेसमध्ये त्यात देवनागरीचे केवळ ६ कोड पॉइंट मावतात; ‘क्षितिज’मध्ये ७ आहेत, म्हणजे एवढेसे नावही त्यात बसत नाही. तिथे व्हारचार२(२० कॅर) असे स्पष्ट लिहावे.

वर्णमालेचा क्रम

युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे, म्हणून कोड पॉइंटनुसार लावलेली यादी माला, माळा, मावशी, मासा, माहेर अशी येते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेनुसार माळा सर्वांत शेवटी, माहेरनंतर यायला हवी. त्याचप्रमाणे ‘क्षमा’ हा शब्द ‘कौतुक’ आणि ‘खडू’ यांच्या मध्ये येतो. काही शब्दकोश क्ष ला ‘क’खालीच देतात, त्यामुळे कोणती रीत पाळायची ते आधी ठरवावे.

पोस्टग्रेसमध्ये आयसीयूसह बांधलेल्या आवृत्तीत मराठीचे कोलेशन तयार असते. ऑर्डर बाय आडनाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" असे लिहिले की ळ, क्ष आणि ज्ञ हे ह नंतर येतात. मायएसक्यूएलमध्ये अनेक भाषांची कोलेशन आहेत, पण मराठीचे नाही. तिथे क्रमासाठी वेगळा कॉलम करावा, त्याचे कोलेशन बायनरी ठेवावे, आणि त्यात सफाई केलेल्या नावातील ळ, क्ष व ज्ञ यांच्या जागी २३६२, २३६३ आणि २३६४ हे कोड पॉइंट घालावेत. ‘ह’चा कोड पॉइंट २३६१ असल्याने हे तिघे त्याच्या लगेच नंतर आणि सर्व काना-मात्रांच्या आधी बसतात. ‘ॲ’ हा तक्त्यात फार दूर असल्याने त्याच्या जागी या कॉलमपुरता ‘ऍ’ घालावा, म्हणजे तो स्वरांमध्ये ‘ए’जवळ येतो. हा कॉलम फक्त ऑर्डर बायसाठी आहे. तो कोणालाही दाखवू नये आणि त्यावर शोधही घेऊ नये.

पोस्टग्रेसमध्ये या कोलेशनवर इंडेक्स बांधला असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आयसीयूची आवृत्ती बदलल्यावर डेटाबेस कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतो. त्या वेळी आधी संबंधित इंडेक्स रीइंडेक्सने पुन्हा बांधावेत आणि त्यानंतरच ऑल्टर कोलेशन "एमआर-एक्स-आयसीयू" रिफ्रेश व्हर्जन ही आज्ञा द्यावी, कारण नुसती दुसरी आज्ञा दिली तर इशारा थांबतो आणि इंडेक्समधील जुना क्रम तसाच राहतो.